वसुलीची सुपारी

हलगीवर ठेवलेली सुपारी परत करायची नसते. वाजवून पोट भरणाऱ्यानं एवढं एक पाळावं, बाकी त्याचं काही चुकलं तर लोक पोटात घालतात. कार्यक्रम ठरवायला माणूस आला की मी हलगी पुढं करतो. तो कातड्यावर पान, पानावर सुपारी आणि वर इसाराचे आगाऊ पैसे ठेवतो. झालं. कागद नाही, सही नाही. त्या दिवशी मग मंत्र्याचं बोलावणं आलं तरी जायचं नाही. मोडायचीच वेळ आली तर घेतले त्याच्या दुप्पट परत द्यायचे. मी पन्नासवर वर्षं वाजवतोय, दुप्पट कधी दिले नव्हते. अंगात ताप असताना कुस्तीच्या मैदानात उभा राहिलोय. सकाळी भावाचं दहावं केलं आणि संध्याकाळी लोकांच्या वरातीत वाजवलंय.

कार्यक्रम कशाचा, हे मात्र मी कधी विचारलं नाही. लग्न असो, मैदान असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, हात तोच. विचारलं असतं तर हे सांगायची पाळी आली नसती.

उंब्रजला माझ्या घरी एक साहेब आले. शर्ट खोचलेला, काखेत बॅग. एका पतसंस्थेत वसुलीचे अधिकारी होते, पण तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘बाबा, संस्थेचा कार्यक्रम आहे. एक दिवस सातारा, एक दिवस सांगली. जाण्यायेण्याला आमची जीप.’’ पाच हजार इसार ठेवला, उरलेले पाच काम झाल्यावर. माझा मेव्हणा घुमकं वाजवतो. तो पैसे बघूनच खूश झाला. मला वाटलं, संस्थेचा वर्धापनदिन असेल, चेअरमनला ओवाळायचं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. बोनेटला फडकं बांधलेलं, मोठी अक्षरं. मी तिसरीतनं शाळा सोडली. अक्षर अक्षर जुळवत ‘थकबाकीदारांनो’ एवढ्यापर्यंत पोचलो, तेवढ्यात मेव्हण्यानं सगळं वाचून टाकलं. ‘थकबाकीदारांनो, लाज बाळगा.’

‘‘दाजी,’’ तो हसायला लागला, ‘‘आता आपुन सुपारी घेनारं गुंड झालो.’’

‘‘साहेब, ह्यो कसला कार्यक्रम?’’ मी विचारलं.

‘‘सोपं आहे. थकबाकीदाराच्या दारात उभं राहायचं, वाजवायचं. शेजारीपाजारी बाहेर येतात, माणूस शरमतो, पैसे भरतो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. एकदम सभ्य.’’

मला ते आवडलं नाही. पण सुपारी कातड्यावर बसली होती. मी जीपमध्ये चढलो.

साताऱ्यात एमआयडीसीच्या मागं एक बंगला होता. कारखान्याची शेड काढायला कर्ज घेतलेला गडी, शेड भाड्यानं दिलेली, हप्ता एक नाही. दारात दोन गाड्या, फाटकावर पितळी नंबर. ते बघून माझा राग गेला. म्हटलं, ह्याच्या दारात वाजवायला काय हरकत आहे. पालापाचोळा पेटवून हलगी शेकली आणि मैदानावर मोठी कुस्ती लागताना वाजवतो तो ठेका धरला. मेव्हण्याचं घुमकं खाली बोलत होतं. खोटं कशाला सांगू, लय झकास वाजलं. गल्लीतली माणसं गच्चीवर आली. साहेबांबरोबर आलेला क्लार्क मोबाईलवर शूटिंग करत होता, त्यालाही मी तोंड नीट करून दिलं.

बंगल्याचा मालक ढगळ चड्डीवर बाहेर आला. मला वाटलं, आता ह्याची मान खाली जाणार. तो टाळ्या वाजवायला लागला.

‘‘वा, वस्ताद! काय हात आहे!’’ त्यानं आत हाक मारून चहा मागवला. साहेबांना खुर्ची दिली. पाचशेची नोट काढून माझ्या हलगीवर ठेवली आणि साहेबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘‘पुढच्या महिन्यात बघू की. तुम्ही काय परके आहात?’’

साहेब चहा पिऊन उठले. ज्याला लाज नाही त्याच्या दारात हलगी म्हणजे फुकटची करमणूक. येताना मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, असलं गिऱ्हाईक रोज मिळू दे.’’ बक्षिसी खिशात होती आणि ती मला टोचत होती, तरी मी ती टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी सांगली. इस्लामपूर मागं पडल्यावर साहेब मोकळं बोलायला लागले. विश्रामबागमध्ये एका बाईंची खानावळ आहे, कॉलेजची पोरं जेवतात, तिथं जायचं आहे. बाई आधी दोन खोल्यांत डबे करायच्या. मग ह्यांच्या संस्थेनं कर्ज दिलं, बाईंनी मोठा हॉल भाड्यानं घेतला, टेबलं, फ्रिज, भांडी आणली. वर्षभर बरं चाललं. पुढं होस्टेलनं स्वतःची मेस काढली, उरलेली पोरं मोबाईलवरनं जेवण मागवायला लागली. हप्ते थांबले.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय, नवंजुनं केलं.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘नवीन कर्ज द्यायचं, त्यातनं जुनं कर्ज आणि व्याज फेडून घ्यायचं. कागदावर खातं स्वच्छ. बाईंचं तीन वेळा केलं.’’

‘‘पैसं बाईच्या हातात किती गेलं?’’

‘‘थोडेफार. बाकी इकडचे तिकडं.’’

‘‘आन कर्ज?’’

‘‘ते वाढणारच की, बाबा. व्याजावर व्याज.’’

मग न राहवून म्हटलं, ‘‘साहेब, पयल्या येळंलाच तुमाला ठावं न्हवतं व्हय, तिला झेपत न्हाई म्हणून?’’

‘‘होतं की.’’

‘‘मग दुसऱ्यांदा दिलं कशापायी?’’

‘‘मार्च आला होता,’’ साहेब म्हणाले. ‘‘मार्चला थकबाकी दिसून चालत नाही. वरून तपासणी येते. आमच्या शाखेला उत्तम वसुलीची ढाल मिळाली त्या वर्षी.’’

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. माणूस वाईट दिसत नव्हता. गाडीत चढताना माझ्या पायाखाली त्यानं स्वतः पायरी ओढून दिली होती. पण बुडणाऱ्याच्या गळ्यात तीनदा दगड बांधला, त्याची ढाल घेतली आणि आता काठावर उभं राहून हलगी वाजवायला निघाला होता. वाजवायला मी.

विश्रामबागेत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. साहेबांनी वेळ मुद्दाम धरली होती. पोरं पंगतीला बसलेली असतात, कुणी चुकत नाही. जीप खानावळीच्या दारात आडवी लावली. आतनं आमटीचा वास येत होता, वाट्या वाजत होत्या. तीसएक पोरं असतील. फडकं बघून बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी साहेबांना बघितलं, मग मला, मग माझ्या हातातली हलगी. काय ते त्यांना कळलं.

‘‘साहेब,’’ त्या हळू म्हणाल्या, ‘‘पोरं जेवायला बसल्यात. अर्धा तास थांबा. मग काय वाजवायचं ते वाजवा, मी दारातच उभी ऱ्हाते.’’

‘‘अर्ध्या तासानं पोरं जातील,’’ साहेब म्हणाले. ‘‘बाबा, चालू करा.’’

मेव्हण्यानं घुमकं गळ्यात अडकवलं होतं. मी वाजवायचं टिपरू खाली केलं.

‘‘साहेब, बाई म्हणत्यात तर जेवू द्या पोरांस्नी.’’

‘‘तुम्ही सुपारी घेतलीय ना?’’

‘‘घेतलीय.’’

‘‘मग? तुमच्यात सुपारी मोडत नाहीत म्हणे. गावात चौकशी करूनच आलो होतो मी.’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी रीत ह्यानं आधीच हेरली होती. ह्या म्हाताऱ्याच्या कातड्यावर एकदा सुपारी ठेवली की हा काय विचारत नाही आणि मागं फिरत नाही, हे बघून तो माझ्याकडं आला होता. बाईची सही जशी धरली, तसा माझा शब्द धरला.

‘‘जेवत्या मानसाच्या दारात मी वाजवत न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘सुपारी मोडली. दुप्पट परत करीन.’’

‘‘दाजी!’’ मेव्हणा कळवळून ओरडला. ‘‘दुप्पट म्हंजी धा हजार! डोस्कं फिरलं काय तुमचं?’’

‘‘तू गप रं.’’

खिसे चाचपले. बाराशे निघाले, त्यात कालची बक्षिसी. ते साहेबांच्या हातात कोंबले आणि म्हटलं, उरलेले आठवड्यात आणून देतो. माझी छाती वर आली होती, ते कबूल करतो. मला वाटलं, जिंकलो. हलगीच वाजणार नाही तर हे काय करतील?

साहेब रागावलेसुद्धा नाहीत. क्लार्ककडं बघून म्हणाले, ‘‘कालचं लाव रे.’’

जीपच्या टपावर स्पीकर होता. क्लार्कनं मोबाईल जोडला आणि साताऱ्यातला माझा ठेका सगळ्या गल्लीत घुमायला लागला. माझाच. मधेच मी मेव्हण्याला ‘हां गड्या’ म्हणून हाक दिली होती, तीसुद्धा. मी हातात हलगी धरून उभा, आणि माझी हलगी माझ्यावाचून वाजतेय.

पोरं बाहेर आली. खरकटे हात तसेच. एकजण ओरडला, ‘‘काकू, कुणाचं लग्न?’’ आणि दुसऱ्यानं खांदे उडवायला सुरुवात केली. बघता बघता आठदहा पोरं जीपपुढं नाचायला लागली. त्यांचा काय दोष, हलगी ऐकून कुणाचे पाय थांबतात? मी तसंच वाजवलं होतं. बाई दाराला टेकून ते बघत होत्या.

मग एकाचं लक्ष बोनेटवरच्या फडक्याकडं गेलं. त्यानं दुसऱ्याला कोपर मारलं. नाच थांबला. कुणी कुणाकडं बघेना. पोरं चपला घालायला लागली.

‘‘भात राहिलाय रं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘बसा की.’’

दोघंचौघं आत गेली. बाकीची गेली ती गेलीच.

स्पीकर बंद करून जीप निघून गेली. आम्हाला मागंच ठेवून गेली, अर्थातच. मेव्हणा घुमकं मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि मला तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायला लागला. बाईंनी दोन ताटं आणून समोर ठेवली.

‘‘भात उरलाय. टाकून द्यायचा त्यापरीस जेवा.’’

‘‘बाई, मी न्हाई वाजवलं,’’ मी म्हटलं.

‘‘ऐकलं मी. पण वाजलं न्हवं?’’

मी जेवलो. अन्न टाकायची सवय नाही.

जेवताना मी त्यांना विचारलं, तुम्ही एवढं कर्ज होऊ कसं दिलं? त्या म्हणाल्या, संस्थेचा मॅनेजर त्यांच्याच खानावळीत जेवायचा. त्यानंच डोक्यात भरवलं, काकू, हॉल घ्या, कर्ज आम्ही देतो. दुसऱ्या वर्षीच त्यांना कळलं होतं की हे झेपणारं नाही. जाऊन सांगितलं, हॉल सोडते, टेबलं विकून जमेल तेवढं भरते. मॅनेजर म्हणाला, कशाला नुकसान करून घेता, इथं सही करा, नवंजुनं करू.

‘‘आन तुमी केली.’’

‘‘केली. मला बी बरं वाटलं. वर्षभर कोण दारात येणार न्हाई.’’ मग म्हणाल्या, ‘‘तिसऱ्या येळंला वीस हजार हातात आले. भाचीच्या लग्नात कानातलं घातलं त्यातनं.’’

माझं डोकं तडकलं. ‘‘आवं बाई, घर जळतंय आन तुमी आहेर करताय? तुमाला काय म्हणावं?’’

‘‘म्हणा काय म्हणायचं ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार मानसांत मोकळ्या हातानं कशी जाऊ? मुद्दल मी घेतलंय, मुद्दल मी फेडीन. एक रुपाया बुडवणार न्हाई. पण त्यांनी जे व्याजावर व्याज चढवलंय ते मी मानत न्हाई. तसं लिहून दिलंय मी. मरेपर्यंत मानणार न्हाई.’’

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं हे बोलणं पटलंही होतं. घेणाऱ्याला कळलं होतं, देणाऱ्याला कळलं होतं. दोघांनी डोळे मिटून कागदावर सह्या केल्या. उघडायची वेळ आली तेव्हा देणाऱ्याकडं जीप होती आणि घेणारीकडं आमटी. एवढाच फरक, पण तो थोडा नाही.

आठवड्यानं मी राहिलेले आठ हजार आठशे घेऊन संस्थेच्या सांगलीच्या हपिसात गेलो. सरकार म्हाताऱ्या कलाकारांना महिन्याला मानधन देतं, त्यातलं साठवलेलं होतं. साहेबांच्या टेबलावर नोटा ठेवल्या.

‘‘ही तुमची सुपारी. आता माझं वाजवणं मला परत द्या. मोबाईलमधनं पुसून टाका.’’

साहेब हसले. ‘‘बाबा, साताऱ्याचा कार्यक्रम तर तुम्ही केलात. ते आमचं झालं.’’

‘‘सुपारी मोडली की काय बी तुमचं न्हाई.’’

‘‘बरं, बघतो,’’ म्हणाले आणि आधीचे बाराशे मिळवून पैसे क्लार्ककडं सरकवले. क्लार्कनं विचारलं, ‘‘साहेब, कुठल्या खात्याला घेऊ? सुपारी परत असं खातंच नाही कॉम्प्युटरला.’’ साहेबांनी त्याच्या कानात काही सांगितलं. मशीनमधनं पावती निघाली. बारीक छपाई, मला वाचता येईना. घडी घालून खिशात ठेवली आणि ताठ मानेनं घरी आलो.

चार दिवसांनी बाईंचा फोन. माझा नंबर मेव्हण्यानं त्यांना दिला होता.

‘‘कुणी सांगितलं तुमाला माझं व्याज भरायला?’’ फोनमधनं किंचाळल्याच त्या. ‘‘मी काय झोळी घेऊन आलते तुमच्या दारात?’’

‘‘मी कुठं भरलं?’’

‘‘धा हजार व्याजापोटी जमा, असं पत्र आलंय मला! आता ते म्हणत्यात, बाई, तुमी व्याज भरलंय, म्हंजी मान्य केलंय. मी सहा महिनं लढत होते, आन तुमी एका दिवसात घालवलं!’’

शेजारच्या पोरीकडनं पावती वाचून घेतली. त्यावर बाईंचं नाव होतं, आणि ‘व्याजापोटी जमा’. माझ्या शब्दाचे पैसे ह्यांनी वसुलीत घातले होते. मी वाजवलं नाही तरी माझ्याकडनं वसुली करून घेतली. मला स्वतःची किळस आली. तिसरी शिकलेल्या माणसानं ताठ मान घेऊन हिंडू नये, आधी कागद वाचून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं सांगली गाठली. साहेब म्हणाले, एंट्री झाली, आता काही होत नाही. मी म्हटलं, बरं. बाहेर ठेवीदारांसाठी बाक आहे, त्यावर जाऊन बसलो. भांडलो नाही. पेन्शनीत निघालेली माणसं, म्हाताऱ्या बाया, ठेवीचं व्याज काढायला येत होती. शेजारी बसायची आणि विचारायची, बाबा, तुमचं काय काम? मी सांगायचो. नवंजुनं म्हणजे काय, ते कसं करतात, ढाल कशी मिळते, आणि माझ्या पैशाचं काय झालं. खोटं एक अक्षर घातलं नाही. हळू आवाजातही सांगितलं नाही.

अकरा वाजता एका निवृत्त फौजीनं काउंटरवर जाऊन विचारलं, ‘‘माझी ठेव मुदतीआधी मोडता येते का?’’ मग एका बाईनं तेच विचारलं. साडेबारापर्यंत पाचसहा जणांनी विचारलं. क्लार्कच्या कपाळावर घाम दिसायला लागला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, ‘‘बाबा, आत बसा, इथं वारा येत नाही.’’

‘‘मला चालतंय हितं.’’

‘‘अहो, तुम्ही आमची बदनामी करताय.’’

‘‘मारहाण न्हाई, शिवीगाळ न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘नुसता बसलोय.’’

असा रोज येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी चेअरमननं आत बोलावलं. थंडगार खोली. माझ्यासमोर क्लार्कला बोलावून ती एंट्री फिरवायला लावली. पैसे परत घ्या म्हणाला. मी म्हटलं, परत न्हाई, सुपारीचे म्हणून ठेवा, बाईच्या खात्यात एक रुपया जाता कामा नये. शेवटी ‘किरकोळ जमा’ म्हणून घेतले, आणि ह्या वेळी परत आलेल्या त्या निवृत्त फौजीकडनं पावती वाचून घेतली. बाईंना मुद्दलाचे हप्ते बांधून द्यायचे, व्याजाचं पुढं संचालक मंडळात बघू, असंही कागदावर लिहून दिलं. साहेबांनी मोबाईलमधला माझा ठेका माझ्यापुढं पुसला. साताऱ्याच्या शाखेत गेला असेल तर ते माहीत नाही म्हणाले. म्हणजे गेलाच आहे.

‘‘झालं समाधान?’’ चेअरमननं विचारलं. ‘‘बाबा, खरं सांगू, तुमच्यासारखा माणूस आमच्या वसुलीला पाहिजे होता. तीन दिवसांत तुम्ही मला नमवलंत.’’

त्याला ते कौतुक वाटत होतं. आणि मला उमगलं, त्याचं बरोबर होतं. ते बाईंच्या दारात जे करायला गेले, तेच मी त्यांच्या दारात केलं. त्यांची लाज ठेवीदारांच्या पुढ्यात होती म्हणून माझं काम झालं. साताऱ्याच्या बंगल्यावाल्याला कुठंच लाज नव्हती, म्हणून त्याचं काही झालं नाही, आजही झालेलं नाही. शरमेवर चालणारा हा सगळा धंदाच मला घाण वाटला, माझा धरून.

बाई महिन्याला मुद्दलाचा हप्ता भरतात, असं मेव्हण्याकडनं कळतं. हॉल सोडला, परत दोन खोल्यांत डबे करतात. माझ्याशी त्या बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.

त्या दिवशी चेअरमनच्या खोलीतनं निघालो तेव्हा तोंड कडू झालं होतं. जिन्यात थुंकणार होतो. पण प्रत्येक वळणावर देवांच्या फरशा बसवलेल्या, लोकांनी थुंकू नये म्हणून. गणपती, दत्त, साईबाबा, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओळीनं, फुकटच्या राखणीला. तोंडातलं तसंच धरून तीन मजले उतरलो आणि रस्त्यावर येऊन गटारात थुंकलो.